आधीच्या कुत्र्याचं काय झालं?

१४ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच. मी आजारी नाही, मरायला टेकलेलो नाही, आणि तुला परत ये म्हणणारही नाही. मला कुत्रा घ्यायचाय.

हसू आलं असेल तर हस. मामा आणि कुत्रा! सहा वर्षांत पोस्टात टाकलेलं हे माझं पहिलं पत्र. आधीही चार-पाच लिहिली होती, ती टोपांच्या खोक्यात पडून आहेत. ती सगळी माझ्या बाजूची होती, म्हणून टाकली नाहीत. हे कामाचं आहे. काम असलं की माणसाला लाज वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी नाटकासाठी खोट्या केसांचे टोप करणं सोडलं. खरं तर कामानंच मला सोडलं. जाळीवर एकेक केस गाठताना डावा हात थरथरायला लागला, आणि एका राणीचा भांग तिच्या कानाकडे निघाला. प्रेक्षक हसले. राणी आत येऊन रडली. दुसऱ्या दिवशी मी केस गाठायचे माझे आकडे आणि कंगवे पुसून डब्यात ठेवले. आता घरात अकरा लाकडी डोकी आहेत आणि बारावा मी. ती माझं सगळं ऐकून घेतात, पण एकही उलटून बोलत नाही. तू असताना उलटून बोलण्याची सोय होती.

तर टॉय पूडल, ती कुरळ्या केसांची बुटकी जात. केस गळत नाहीत, पण रोज विंचरावे लागतात, नाहीतर गुंता होऊन नमदा तयार होतो. म्हणजे माझ्याच धंद्यातला प्राणी. आकारानं एवढासा, मला उचलता येईल. गेल्या आठवड्यात बाजारातल्या एका दुकानात गेलो. काचेच्या पेटीत एक पिल्लू, तांबूस जर्दाळू रंगाचं, तळहातावर मावेल असं. दुकानदार म्हणाला, "टीकप आहे काका. मोठं होतच नाही." मी त्याचे केस बोटांनी दुभागून बघितले. हाताची सवय. मुळाशी फिकट, वर एकदम भडक. मग बोट जिभेवर ओलं करून चोळलं, तर बोट तांबूस झालं! चाळीस वर्षं केस रंगवले मी, मला शिकवतोय. विचारलं, "याची आई कुठाय?" तर म्हणतो, "आईचं काय करायचंय? तुम्हाला पिल्लू हवंय ना?"

मी बाहेर आलो, पण ते पिल्लू डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून तुला विचारतो. तू जनावरांच्या दवाखान्यात आहेस हे मला उडत उडत कळलं आणि फार बरं वाटलं. चांगल्या वंशाचं टॉय पूडल घेताना काय काय बघायचं? दोन ओळी पुरेत. माझं नावसुद्धा घालू नकोस.

घर तसंच आहे. फाटकाला तेल घालतो.

तुझा मामा

६ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

तुझं कार्ड मिळालं. वर 'प्रिय' नाही, खाली सही नाही, मधे नुसत्या सहा ओळी. डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवरसुद्धा याहून जास्त माया दाखवतात. पण अक्षर तुझं आहे, 'ळ'ची शेपटी अजून लांबवतेस. कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलंय. रोज दाढी करताना वाचतो, त्यामुळे पाठ झालंय.

आईला बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही.
आईबापांच्या डोळ्यांच्या आणि गुडघ्यांच्या तपासणीचे कागद मागायचे.
दहा आठवड्यांच्या आतलं उचलायचं नाही.
'टीकप' म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरायचं.
विकणारा उलट आपल्याला प्रश्न विचारत नसेल तर तो माणूस बरा नाही.
घाई करायची नाही.

शेवटची ओळ कुत्र्यासाठी नव्हती, हे कळलं मला. मनापासून आभार. सहा वर्षांनी तू सहा ओळी लिहिल्यास, वर्षाला एक पडली. माझ्या हिशेबानं हे फार झालं.

कार्ड खिशात घालून शोधायला निघालो. दोन ठिकाणी आई बघायला मिळाली नाही. एकानं "ती झोपलीये" म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं "गावाला गेलीये" म्हणून. कुत्री गावाला गेली! तिसऱ्या ठिकाणी पूडलवाल्या बाई भेटल्या. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, आणि अजूनही समोरच्याला फळ्यासमोर उभं केल्यासारखं बोलतात. पिल्लं पिंजऱ्यात नाहीत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असतात. भांडी आपटतात, मिक्सर फिरतो, माणसं येतात-जातात, सगळ्यात ती वाढतात. मला खाली जमिनीवर बसवलं. कॉफीच्या रंगाची आई आली, माझा बूट हुंगला आणि सरळ माझ्या पायावर बसली. बाई म्हणाल्या, "आईचा स्वभाव बघून घ्या. पिल्लू निम्मं तिथूनच येतं."

कागद न मागताच पुढे केले. पूडलच्या डोळ्यांचा पडदा म्हणे हळूहळू निकामी होऊ शकतो, आणि लहान पूडलच्या गुडघ्याची वाटी सरकते. दोन्हीसाठी आईबापांची तपासणी झालेली. टॉय म्हणजे खांद्यापर्यंत साधारण सव्वा वीत, हेही त्यांनीच सांगितलं. याहून लहान करायच्या नादात हाडं काडीसारखी होतात, आणि एक जेवण चुकलं तरी पिल्लू आडवं पडतं.

पिल्लं चार. मी आपला सर्वात दाट केसांचं उचलून मुळं बघत होतो. बाई म्हणाल्या, "तुम्हाला टोप घ्यायचाय की पिल्लू?" मग त्यांनी स्टीलचं झाकण जमिनीवर पाडलं. एक पिल्लू पळालं ते कपाटाखालून निघेचना. दोघांना पत्ताच नाही, त्यांची कुस्ती चालू. चौथं दचकलं, आईमागे लपलं, आणि थोड्या वेळानं एकटंच येऊन झाकण हुंगायला लागलं. बाई म्हणाल्या, "हे तुमचं. घाबरलं, पण परत आलं." केस त्याचे सगळ्यात विरळ आहेत. मला ते फार आवडलं, भिंगरी.

पण एवढ्यावर काम झालेलं नाही. बाईंचा चौदा प्रश्नांचा फॉर्म आहे. दिवसातले किती तास घरी असता, केस कोण विंचरणार, अंगण आहे का. पाचवा प्रश्न: पूर्वी कुत्रा होता का? त्याचं काय झालं? बुवाचं काय झालं ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. रकाना लहान होता, लिहिलं काहीतरी.

चौदावा प्रश्न: तुमच्यानंतर कोण? पूडल पंधरा वर्षं जगतो आणि मी सदुसष्टचा आहे. माझं काही बरंवाईट झालं तर कुत्र्याला सांभाळणाऱ्या माणसाची सही हवी. त्याशिवाय बाई कुणाला पिल्लू देत नाहीत, मग तो राजा का असेना. शेजारी ऐंशीचे. मामी मी कधी आणलीच नाही. मी तो रकाना कोरा ठेवून आलो.

तुझा मामा

२१ फेब्रुवारी

भिंगरी,

आज विनोद करणार नाही.

काल बाई घर बघायला आल्या. पिल्लू द्यायच्या आधी त्या घर बघतात. मी आठवडाभर ओणवा होऊन फरशीवरच्या टाचण्या वेचल्या होत्या. त्यांनी वायरी बघितल्या, खळीचा डबा वरच्या फळीवर ठेवायला लावला, लाकडी डोक्यांना बघून "हे सगळे इथेच राहतात का?" असं विचारलं. मी खूश. निघताना त्यांनी फाटक उघडलं, बाहेर पडल्या आणि हात सोडला. फाटक आपलं आपण मागे आलं आणि खट्ट करून लागलं.

त्या थांबल्या. परत उघडून सोडलं. खट्ट. तिसऱ्यांदा पार भिंतीपर्यंत नेऊन सोडलं. खट्ट.

"हे कधीपासून असं लागतं?"

"घर घेतलं तेव्हापासून," मी म्हणालो. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण माझ्या मनात तेव्हा तेही नव्हतं बघ. चांगली स्प्रिंग आहे म्हणून मी कौतुकानं सांगत होतो.

बाईंनी पिशवीतून माझा फॉर्म काढला आणि पाचव्या प्रश्नाचं माझं उत्तर मला वाचून दाखवलं. "फाटक उघडं राहिलं, कुत्रा पळून गेला." मग विचारलं, "तुम्ही तोंडी म्हणाला होतात, भाचीनं उघडं टाकलं. कसं टाकलं?"

हो, तोंडीही म्हणालो होतो. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून, तुझं कार्ड खिशात असताना. उचलली जीभ, लावली टाळ्याला. चोवीस वर्षं एकच वाक्य वापरून इतकं गुळगुळीत झालं होतं की ते आपोआप बाहेर आलं.

बाई ओरडल्या नाहीत. फॉर्म माझ्या हातात दिला. "पाचवा पुन्हा लिहा. चौदावाही भरा. बारा मार्चपर्यंत थांबते, मग ते पिल्लू दुसऱ्या घरी जाईल."

आता तुला लिहितो. अर्धं तुला कळलेलं आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

बुवानं राजाची दाढी खाल्ली. पहिल्या प्रयोगाला तीन दिवस राहिले होते, आणि एकतीस दिवसांचं काम अंगणात पसरलं होतं. माझं डोकं फिरलं. नाटक कंपनीचा ट्रक दाराशी सामान न्यायला आला होता. मी बुवाला उचलून ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणालो, घेऊन जा. राग तासाभरात उतरला. तोवर ट्रक लांब गेला होता आणि तू शाळेतून येत होतीस.

तुझी आई जाऊन तीन वर्षं झाली होती. ताई गेल्यावर तू माझ्याकडे आलीस तेव्हा बोलत नव्हतीस, बुवा आल्यावर बोलायला लागलीस. हे मला माहीत होतं. तुझ्या तोंडाकडे बघून 'मी दिला' असं म्हणायची हिंमत झाली नाही. म्हणालो, "सकाळी तू फाटक उघडं टाकलंस. पळाला तो."

तू म्हणालीस, "मी लावलं होतं रे मामा."

मी म्हणालो, "नीट आठव."

आणि तू आठवलंस. नऊ वर्षांची पोर, रोज त्याच फाटकातून जायचीस, खट्ट रोज ऐकायचीस. तरी माझ्या शब्दासाठी तू न घडलेलं आठवलंस. त्या दिवसापासून फाटकातून गेलीस की तीनदा मागे वळून बघायचीस. लागलं का, लागलं का, लागलं का. कॉलेजात गेलीस तरी बघायचीस. मी खिडकीत टोप विणत बसलेला असायचो आणि मला ते दिसायचं.

सहा वर्षांपूर्वी तू सुट्टीला आलीस. एरवी फाटक तू हातानं ओढून लावायचीस; त्या दिवशी दोन्ही हातांत बॅगा होत्या, म्हणून ते ढकलून तशीच पुढे झालीस. ते मागे लागलं. तू वळलीस आणि कितीतरी वेळ बघत राहिलीस. मग मला विचारलंस, "मामा, हे आधीपासून असंच होतं?" तेव्हा एक शब्द बोललो असतो तर पुरत होतं. मी म्हणालो, "छे, नवीन स्प्रिंग बसवलीये." तू खाली वाकून स्प्रिंगवरचा गंज बघितलास. चहा अर्धा ठेवलास आणि गेलीस.

तू उघडं टाकलं नव्हतंस. ते फाटक कुणालाच उघडं टाकता येत नाही. मी तुझा अपराधी आहे.

फॉर्म सोबत आहे. पाचव्या प्रश्नाला आता लिहिलंय: "रागाच्या भरात मी तो देऊन टाकला आणि दोष भाचीवर घातला." चौदावा कोरा आहे. सही कर म्हणत नाही. न केलीस तर पिल्लू चांगल्याच घरी जाईल, बाई तेवढ्या पक्क्या आहेत. फॉर्म पाठवतोय तो एवढ्यासाठी, की हे वाक्य बाईंच्या आधी तू वाचावंस.

मामा

९ मार्च

प्रिय भिंगरी,

फॉर्म परत आला. पाकीट उघडायला मला सकाळची दुपार झाली. वाटलं, कोरा असेल. चौदाव्या रकान्यात तुझं नाव, तुझा पत्ता, सही. 'नातं' या शब्दापुढे 'भाची'. मी चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. भाचीच होतं.

तुझे आभार कुठल्या शब्दांत मानू, पोरी? मी जन्मभर दुसऱ्यांच्या डोक्यावर खोटे केस बसवले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं वागल्याबद्दल आयुष्यात मला मिळालेली ही पहिलीच गोष्ट असेल.

सोबतच्या चिठ्ठीत तू एकच प्रश्न विचारलायस. "बुवा कुठे गेला? खरं लिही."

लिहितो. ड्रायव्हरनं त्याला सासऱ्यांच्या लाकडाच्या वखारीत ठेवला. तिथे तो अकरा वर्षं जगला. भुश्शाच्या ढिगावर झोपायचा, करवत बंद झाली की कामगारांच्या डब्यांभोवती फिरायचा. शेवटी म्हातारा होऊन झोपेतच गेला. ड्रायव्हर दर मोसमात येऊन मला त्याची खबर सांगायचा. तू बारा वर्षांची असताना मी एकदा गुपचूप जाऊन आलो. वाटलं, माझ्यावर भुंकेल. तर तो शेपटी हलवत माझ्या गुडघ्यांवर चढला. माझ्यावर रागवायला हवं हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्याच दिवशी त्याला घेऊन येता आलं असतं. आणला असता तर तुला काय सांगणार होतो? म्हणून नाही आणला. माझं खोटं झाकायला त्याचं सुखही तुझ्यापासून झाकून ठेवलं, आणि तू तो गाडीखाली आला असेल म्हणून वर्षानुवर्षं झोपेत दचकत राहिलीस. फाटकापेक्षाही याची मला जास्त लाज वाटते.

ड्रायव्हरनं दिलेला फोटो पाठवतोय. भुश्शात बसलाय, तोंड उघडं, कानावर एक ढलपी. हा तुझा आहे. इतकी वर्षं चुकीच्या घरात पडून होता.

बाईंकडे फॉर्म दिला. त्यांनी पाचवा वाचला, चौदावा वाचला, आणि गणित बरोबर आल्यावर मारतात तशी कोपऱ्यात बरोबरची खूण केली. म्हणाल्या, "येत्या शनिवारी दहा वाजता या. सही करणाऱ्यांनाही आणा. नुसत्या सहीवर मी देत नाही, माणूस बघते." मी म्हणालो, ती फार लांब असते, येईलसं वाटत नाही. बाई म्हणाल्या, "कळवा तर खरं."

कळवलं.

तुझा मामा

१८ मार्च

प्रिय भिंगरी,

तू पोचल्याचं कळवलंस, बरं वाटलं. इकडची खबर घे.

तू सांगितल्याप्रमाणे दिवसातून चार वेळा थोडं थोडं देतो. पहिल्या रात्री रडला, पण आईच्या अंगाखालचं फडकं बाईंनी दिलं होतं ते जवळ ठेवल्यावर झोपला. रोज दहा मिनिटं विंचरतो. माझा डावा हात थरथरतो, त्याला वाटतं मी गुदगुल्या करतोय. नाव अजून ठरलेलं नाही. 'एऽ' म्हटलं की येतो, म्हणजे सध्या तेच नाव. काल एका लाकडी डोक्याचं नाक कुरतडलं. नाटकातला खलनायक होता, म्हणून सोडून दिलं.

शनिवारी तू खरंच बाईंच्या दारात उभी दिसलीस. तू आलीस आणि सरळ बाईंनाच प्रश्न विचारायला सुरुवात केलीस. जंताचं औषध कधी दिलं, लस कुठली, आईची ही कितवी वीण, दोन विणींत अंतर किती. बाई घामाघूम! निघताना माझ्या कानात म्हणाल्या, "ही सही तुम्ही आधीच आणायला हवी होती." मी म्हणालो, अहो, चोवीस वर्षं उशीर झाला.

वाटेत तू पिल्लू मांडीवर घेतलंस. आपण त्याच्या पोटाबद्दल बोललो, दातांबद्दल बोललो, दुसऱ्या कशाबद्दल नाही. मला तेवढं भरपूर होतं. तू घरात यावंस असं माझ्या मनात होतं, पण विचारायची छाती नव्हती. तुझी गाडी पाचची होती. तूच म्हणालीस, "पाण्याचं भांडं कुठे ठेवलंयस ते बघून जाते."

मी पिल्लू घेऊन पुढे, तू त्याची पिशवी घेऊन मागे. मी फाटक उघडून आत आलो आणि पायरीशी थांबलो. मला बघायचं नव्हतं, पण बघितलं. तू आत आलीस आणि हात सोडलास. मागे खट्ट झालं.

तू वळून बघितलं नाहीस. एकदाही नाही. पिशवी दुसऱ्या हातात घेतलीस, माझ्या शेजारून वर गेलीस आणि आतून ओरडलीस, "मामा, भांडं उन्हात ठेवलंयस, आत घे ते!"

घेतलंय आत. तेव्हापासून तिथेच आहे.

तुझा,
मामा